केतकी मगदूमचा होकार

दुपारी जेवण झालं की अण्णा पलंगावर आडवे व्हायचे आणि उशाजवळचं यंत्र सुरू करायचे. त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली होती. यंत्र त्या नळीतून औषधी द्रव पोटात भरायचं, काही वेळ तिथे ठेवायचं आणि रक्तातली घाण शोषून घेतलेला द्रव बाहेर काढायचं. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेण्यापेक्षा हे किती सुखाचं, असं अण्णा येईल त्याला सांगत. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. यंत्र चालू असताना ते उशीला टेकून पेन्सिलने काहीबाही रेखाटत बसायचे.

त्या दुपारी वीज क्षणभर गेली आणि आली. मिरजेत हे रोजचंच. पंखा मंदावला, पुन्हा फिरू लागला. यंत्रही पुन्हा सुरू झालं. अण्णांचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा पोट ताठ झालं होतं आणि श्वास घेता येत नव्हता. हाक मारायलाही दम नव्हता, म्हणून त्यांनी हाताला लागलेला पेला जमिनीवर टाकला. त्यांचा मुलगा अभिनंदन तेव्हा औषधांच्या दुकानातून जेवायला घरी आला होता, हे नशीब. तो धावत आला, द्रव भरणाऱ्या नळीचा चिमटा बंद केला, रिकामी पिशवी जमिनीवर टाकून निचऱ्याची नळी मोकळी केली. पोटातून भसाभस द्रव बाहेर आला, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. यंत्राने भरलेल्या पोटात पुन्हा भरलं होतं.

अण्णा वाचले. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. अभिनंदनने यंत्राच्या पडद्यावरची माहिती उघडून पाहिली. आतलं वेळ मोजणारं सॉफ्टवेअर महिन्यापूर्वीच नवं झालं होतं. त्याला मंजुरी देणाऱ्या तीन साक्षींत पहिलं नाव होतं केतकी मगदूम, मिरज.

केतकी म्हणजे त्याची बायको.

त्याने केतकीला हाक मारली. पडदा तिच्यासमोर धरला आणि एवढंच विचारलं, "हे तू तपासलं होतंस?"

केतकीने नाव वाचलं. त्या पॅकेजचं नावही तिने कधी ऐकलं नव्हतं.

हे कसं घडलं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. आपल्या यंत्रांमधलं बरंचसं सॉफ्टवेअर कुण्या एका कंपनीने लिहिलेलं नसतं. जगभरचे हौशी लोक त्याचे छोटे छोटे तुकडे लिहितात आणि सगळ्यांसाठी खुले ठेवतात. अशा एकेका तुकड्याला पॅकेज म्हणतात. पाणी सोडणाऱ्या पंपापासून शस्त्रक्रियेच्या यंत्रापर्यंत प्रत्येकात अशी शेकडो पॅकेजेस एकमेकांवर रचलेली असतात. एखाद्याची नवी आवृत्ती आली की ती कुणीतरी चालवून, वाकवून, मोडून पाहावी लागते. पूर्वी हे काम स्वयंसेवक करत; त्यांना साक्षी म्हणत. तिघांनी स्वतंत्रपणे होकार दिला की आवृत्ती मंजूर. तिघे अशासाठी, की एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसावं.

पण पॅकेजेस वाढत गेली आणि तपासणारे तेवढेच राहिले. महत्त्वाच्या दुरुस्त्या मंजुरीविना महिनोनमहिने पडून राहायच्या. त्यातच काही साक्षींना पैसे चारून, काहींना धमकावून वाईट पॅकेजेस मंजूर करून घेतल्याचं उघड झालं. त्यावर या साक्षींचं काम पाहणाऱ्या साक्षी मंडळाने जो उपाय काढला, त्याचं नाव प्रतिसाक्षी. साक्षी काम करत असताना एक यंत्रबुद्धी वर्षानुवर्षं तिच्या शेजारी बसून पाहते. ती कुठे अडखळते, कशावर शंका घेते, कोणती कळ मुद्दाम चुकीची दाबते, सगळं. मग एके दिवशी ती हुबेहूब तिच्यासारखं तपासू लागते. फरक इतकाच, की माणसाला एका पॅकेजला आठवडा लागत असेल, तर प्रतिसाक्षी दिवसात हजार तपासते. तिला लाच देता येत नाही, धमकावताही येत नाही. मग कायदाच झाला, की दवाखाने, पाणीपुरवठा, दूध, रेल्वे यांच्या यंत्रांत तीन जिवंत होकार असलेलंच पॅकेज चालेल. होकार गळून पडला की यंत्र थांबेल.

केतकी ही मंडळाची नावाजलेली साक्षी होती. सांगलीतल्या हळदीच्या एका गोदामाचं सॉफ्टवेअर ती सांभाळायची आणि उरलेल्या वेळात पॅकेजेस तपासायची. चिवट होती. इतरांनी पास केलेलं पॅकेज ती पुन्हा उकलून बसायची. तिने तपासण्यांचा जो संच तयार करून खुला ठेवला, तो अर्धा देश वापरत होता. म्हणून तिची प्रतिसाक्षी सगळ्यांत आधी तयार झाली. त्यानंतर हाताने तपासायची गरज उरली नाही. मंडळाकडून दर महिन्याला आभाराचा निरोप यायचा. आपल्या नावाने किती होकार जातात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

अण्णांच्या यंत्राचं कोडं तिने दोन दिवसांत सोडवलं. वीज क्षणभर गेली, तेव्हा यंत्रातलं घड्याळ काही मिनिटं मागे गेलं. पॅकेज लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं, की वेळ नेहमी पुढेच जाते. घड्याळ मागे गेलेलं दिसताच पॅकेजला वाटलं, भरायला अजून सुरुवातच व्हायची आहे.

हे तिच्या नजरेतून कसं सुटलं असतं? याचं उत्तर तिच्या टेबलाखाली होतं. विजेचा खेळखंडोबा नको म्हणून तिने पहिल्या पगारातून इन्व्हर्टर घेतला होता. तिच्या खोलीत वीज कधी गेलीच नाही. घड्याळ मागे जाताना तिने पाहिलं नव्हतं, म्हणून तिच्या प्रतिसाक्षीनेही पाहिलं नव्हतं, आणि कधी पाहणारही नव्हती.

उरलेल्या दोन साक्षींपैकी नांदेडचे शकील इनामदार तिच्या ओळखीचे होते. तिने त्यांना फोन केला. शकीलभाईंनी आधी अण्णांची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, मी तपासायला शिकलो तेच तुमच्या संचावर. माझी प्रतिसाक्षी म्हणजे तुमचीच सावली समजा."

तिसरी साक्षी वसईची रूथ परेरा. तिनेही तेच सांगितलं.

तीन स्वतंत्र साक्षी म्हणून ज्यांच्यावर सगळं उभं होतं, ते तिघे नव्हतेच. ती एकच बाई होती, तीन नावांनी होकार देणारी.

साक्षी मंडळाच्या प्रमुख विदुला ओक पुण्यात बसत. केतकी त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटली. विदुलाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्यादेखतच ते पॅकेज दुरुस्तीला पाठवलं. बाई कामाची होती, मनाने वाईटही नव्हती. पण केतकीचा प्रश्न एका पॅकेजचा नव्हता. तिची प्रतिसाक्षी आजवर लाखो पॅकेजेसना होकार देऊन बसली होती. त्यांतल्या कितींना वेळ मागे गेलेली चालत नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, माझी प्रतिसाक्षी काढून घ्या.

"काढली तर तुमचे सगळे होकार एका क्षणात गळतील," विदुलाताई म्हणाल्या. "त्या क्षणी किती यंत्रं थांबतील, सांगू? तुमच्या सासऱ्यांचं पहिलं."

मग तिच्या जागी दुसरी प्रतिसाक्षी आणा, असं केतकीने सुचवलं. पण दुसरी आणायची कुठून? हाताने तपासणारं आता कुणी उरलंच नव्हतं. प्रतिसाक्षी शिकवायला वर्षानुवर्षं तपासणारा माणूस लागतो, आणि प्रतिसाक्षी आल्यापासून माणसांनी तपासणं सोडून दिलं होतं. निघताना विदुलाताईंनी तिला साक्षीच्या शपथेची आठवण करून दिली. उणीव दुरुस्त होईपर्यंत तिची वाच्यता करायची नाही. यंत्राचं घड्याळ बाहेरूनही मागे करता येतं, आणि ही गोष्ट बाहेर फुटली तर खोडसाळ माणसं तेच करत सुटतील. केतकीला ते पटलं. म्हणूनच तिला आणखी कोंडल्यासारखं झालं.

घरी येऊन तिने इन्व्हर्टर बंद केला आणि प्रतिसाक्षीला शिकवायला बसली. तिने घड्याळं मागे केली, वीज मध्येच घालवली, एकेक पॅकेज मोडून दाखवलं आणि स्वतःच्या हाताने नकार नोंदवले. सकाळी पडद्यावर मंडळाचा निरोप होता. केतकी मगदूम यांच्या नावाने नोंदवलेले हे नकार त्यांच्या आजवरच्या वागण्याशी जुळत नाहीत. त्या कुणाच्या दबावाखाली असण्याची शक्यता आहे. नकार बाजूला ठेवण्यात आले असून प्रतिसाक्षीचे होकार कायम आहेत.

साक्षींना धमकावणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी ही सोय केली होती. ती करावी म्हणून मंडळाकडे आग्रह धरणाऱ्यांत केतकीही होती. आता मंडळाच्या लेखी खरी केतकी मगदूम ती दुसरी होती. ही, मिरजेत खुर्चीवर बसलेली, संशयित होती. विदुलाताईंनी फोनवर समजावलं, की नवी सवय प्रतिसाक्षीत हळूहळूच मुरते; पाचसहा वर्षं नेटाने शिकवलं तर ती शिकेल.

घरात वेगळंच चाललं होतं. अभिनंदनने यंत्राचा प्लग काढून ठेवला होता. दुरुस्त पॅकेज आलं तरी तो ते लावू देईना. तू मंजूर केलं नाहीस हे मला समजतं, तो म्हणायचा, पण मग कुणी केलं, आणि उद्या कोण करणार, ते सांग. दवाखान्यातल्या खुर्चीवर जायला अण्णा तयार नव्हते. शेवटी त्यांनीच तोड काढली. यंत्र येण्यापूर्वी लोक हे हातानेच करायचे. खुंटीला पिशवी टांगायची, द्रव आपल्या वजनाने पोटात उतरू द्यायचा, काही तासांनी दुसरी पिशवी जमिनीवर ठेवून काढून घ्यायचा. दिवसातून चार वेळा.

म्हणून दिवसातून चार वेळा केतकी हात घासून धुवायची, तोंडाला पट्टी बांधायची आणि पिशवी टांगायची. द्रव उतरेपर्यंत अण्णांशेजारी बसायची. गोदामाची नोकरी तिने अर्धवेळ करून घेतली. तिला कुठे जाता येईना, अण्णांना तर नाहीच. एकदा अण्णा म्हणाले, "माझ्यामुळे तू बांधली गेलीस बघ." तिला सांगावंसं वाटलं, की बांधली गेले आहे ती तुमच्यामुळे नाही. पण तिने फक्त चिमटा उघडला आणि नळीतून उतरणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिली.

काही महिने असेच गेले. सापडेल ती उणीव ती मंडळाला गुपचूप कळवायची, आणि मंडळ एकेक पॅकेज दुरुस्तीला पाठवायचं. समुद्र ओंजळीने उपसल्यासारखं होतं ते. मग एका तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणानंतर उपचार घेणारी एक तरुण बाई दगावली. शिरेतून थेंब थेंब औषध देणाऱ्या पंपाने, वीज जाऊन येताच, दिलेला डोस पुन्हा दिला. बातमीत यंत्राचा बिघाड एवढंच होतं. केतकीने त्या पंपात कोणती पॅकेजेस असतात ते शोधलं. वेळ मोजणारं पॅकेज वेगळं होतं. होकार तिचाच होता.

तिने अभिनंदनला सांगितलं. तो त्या दिवशी दुकान न उघडता घरी बसला. त्याच्या दुकानात रोज अशाच यंत्रांवर जगणाऱ्या माणसांचे नातेवाईक यायचे, त्यांची नावं त्याला पाठ होती. तो हळूच म्हणाला, "त्यांना मी रोज पिशव्या विकतो. आणि सांगत काहीच नाही."

मंडळाची जुनी घटना केतकीने पुन्हा वाचून काढली. स्वयंसेवकांच्या काळातलं एक कलम त्यात तसंच राहून गेलं होतं. यंत्र प्रत्यक्ष वापरणाऱ्या कुणालाही, त्याने स्वतः हाताने तपासलेल्या पॅकेजविरुद्ध विवाद, म्हणजे हरकत, उभा करता येतो. वेगवेगळ्या तीन गावांतून तसेच विवाद जुळले, तर यंत्र न थांबता आपोआप मागच्या निर्दोष आवृत्तीवर जातं. प्रतिसाक्षी आल्यावर हे कलम कुणी वापरलंच नव्हतं, कारण काय तपासायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. ते सांगायचं, तर शपथ मोडायला हवी होती.

तिने मोडली. विदुलाताईंना आधी कळवून मोडली. विदुलाताईंनी खूप समजावलं, मग धमकावलं. केतकीने सगळं लिहून खुलं केलं: उणीव काय आहे, ती आपल्याकडून कशी आली, तीन साक्षी म्हणजे एकच बाई कशी, आणि आपलं यंत्र माणसाला जोडलेलं नसताना, साध्या पाण्यावर, वीज घालवून कसं तपासायचं.

त्याच संध्याकाळी मंडळाने तिला साक्षी म्हणून कायमचं बाद केलं. होकार-नकार नोंदवायची तिची कळ चालेनाशी झाली. प्रतिसाक्षीचे होकार मात्र वैध राहिले, कारण ती शपथ मोडू शकत नव्हती.

विदुलाताईंची भीती खरी ठरली. कुणीतरी एका गावाच्या पाणीपुरवठ्याची घड्याळं मागे केली. टाकी रात्रभर वाहत राहिली, खालच्या वस्तीत पाणी शिरलं, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घराची भिंत पडून त्यांचा पाय मोडला. लोकांनी केतकीला नाही नाही ते म्हटलं. तिने ते सगळं वाचलं. त्या गृहस्थांना भेटायला ती गेली, तेव्हा त्यांच्या सुनेने तिला दारातूनच परत पाठवलं. बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, गप्प राहिले असते तरी कुणाचा तरी पाय मोडलाच असता; फक्त आपल्याला कळलं नसतं. या विचाराने तिला बरं वाटलं नाही.

पण दुसरीकडे माणसं तपासू लागली होती. अभिनंदनने औषधांच्या दुकानामागची खोली रिकामी करून दिली. पिशव्या न्यायला येणारे लोक आपली यंत्रं घेऊन येऊ लागले. कुणी बँकेत होतं, कुणी रिक्षा चालवायचं, एक निवृत्त परिचारिका होती. बादलीत पाणी घ्यायचं, यंत्र सुरू करायचं, प्लग ओढायचा आणि पाहायचं. केतकी त्यांना आपला संच शिकवायला गेली आणि मध्येच थांबली. आपल्यासारखं तपासणारी आणखी माणसं तयार केली, तर पुन्हा एकच बाई तयार होईल. तिने त्यांना सांगितलं, तुमच्या घरी हे यंत्र जसं वापरता तसंच वापरा, आणि घरी जे जे बिघडतं ते सगळं इथे बिघडवा. रिक्षावाल्याने यंत्र उन्हात ठेवलं. परिचारिकेने ओल्या हातांनी कळा दाबल्या. केतकीला कधी सुचलं नसतं असं ते काय काय करायचे. ती कोपऱ्यात बसून फक्त पाहायची, कारण मंडळाने बाद केलेल्या तिने कशालाही हात लावला, तर ती तपासणीही बाद होत होती.

अण्णांच्या यंत्राचं वेळेचं पॅकेज एव्हाना पुन्हा नवं झालं होतं. नांदेडहून आणि वसईहून विवाद आले होते. तिथल्या माणसांना शकीलभाईंनी आणि रूथने जमवलं होतं. आणखी एका गावाचा विवाद हवा होता. यंत्र अण्णांचं, पण त्यांची बोटं आता थरथरायची. म्हणून वापरणारा म्हणून अभिनंदनने नाव नोंदवलं. आयुष्यात त्याने एकही पॅकेज तपासलं नव्हतं. भरदुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, त्याने बादली भरली, यंत्र लावलं, पोटाच्या जागी एक रिकामी पिशवी जोडली, मध्येच प्लग ओढला आणि पुन्हा जोडला. यंत्र जरा थांबलं आणि भरलेली पिशवी पुन्हा भरू लागलं. दुरुस्ती अर्धवटच झाली होती.

पडद्यावर तीन होकार दिसत होते. पहिला केतकी मगदूम, मिरज. खाली विवादासाठी रिकामी जागा होती आणि प्रश्न होता: वरील साक्षींवर आपला विश्वास का नाही?

अभिनंदन तिच्याकडे वळला. "तुझ्या नावापुढे लिहायचंय," तो म्हणाला.

"लिही."

त्याने टाइप केलं: केतकी मगदूम हिने स्वतःच सांगितलं आहे, की हा होकार धरू नये.

काही क्षणांत उत्तर आलं. केतकी मगदूम यांची अधिकृत साक्ष याच्या विरुद्ध आहे. कारण अमान्य.

अभिनंदनने चिडून काहीतरी टाइप करायला घेतलं, तेव्हा केतकीने त्याचा हात धरला. मला यातून काढ, ती म्हणाली, माझं नाव लिहू नकोस. तू काय केलंस आणि तुला काय दिसलं, तेवढंच लिही.

त्याने आधीचं सगळं पुसलं. मग एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं: मी पिशवी भरू दिली. मी वीज घालवली. वीज आल्यावर यंत्राने भरलेली पिशवी पुन्हा भरली. मी हे पाहिलं.

विवाद मान्य झाला. तिन्ही गावं जुळली आणि देशभरातली तसली सगळी यंत्रं, न थांबता, मागच्या आवृत्तीवर गेली. पडद्यावर वर केतकीचा होकार तसाच होता आणि त्याखाली अभिनंदन मगदूम, मिरज, नकार. त्याच्याही खाली यादी सरकत होती. तिच्या नावाने पुढच्या पॅकेजला होकार गेला, मग त्याच्या पुढच्याला. तेवढ्यात दुकानाच्या दारात कुणीतरी यंत्र कडेवर घेऊन उभं राहिलं. अभिनंदनने बादलीतलं पाणी ओतून दिलं आणि नवं भरायला नळ सोडला.